पडद्यामागची वही

हल्ली कोणत्याही खिडकीशी उभे राहावे, एक वाक्य हमखास कानी पडते : ‘सिस्टीममध्ये तसे येत नाही.’ रेशनच्या दुकानात अंगठ्याचा ठसा जुळत नाही, बँकेत म्हातारीचे निवृत्तिवेतन जमा दिसत नाही, कारखान्याच्या फाटकावर हजेरी लागत नाही, घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या पोराचे खाते एकाएकी बंद होते. आणि चारही ठिकाणी समोरचा माणूस हात वर करून हेच सांगतो. पूर्वी ‘साहेबांचा हुकूम आहे’ असे सांगत. त्या साहेबाला निदान दार होते. दाराशी बसता येत होते, तो बाहेर आला की चार शब्द सुनावता येत होते. सिस्टीमला दार नाही, आणि तिला ऐकूही येत नाही.

कामगार संघटनेच्या कामात तीस वर्षे गेल्यावर आम्हांस ह्या वाक्याचा राग येऊ लागला. राग येणे सोपे. पण ज्या वस्तूवर रागवावयाचे ती आहे तरी काय, हे ठाऊक असावे लागते. ज्याला पगारपत्रक वाचता येत नाही त्या पुढाऱ्याने पगारवाढीच्या बोलणीस बसू नये, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो होतो. आता पगारपत्रकाच्याही मागे एक वही आली आहे. ती वाचावयास शिकावे म्हणून गेल्या वर्षी, वयाच्या ५४व्या वर्षी, आम्ही एका क्लासात नाव घातले. विषय होता ‘बॅक-एंड वेब डेव्हलपमेंट’, म्हणजे संकेतस्थळाच्या किंवा ॲपच्या मागील बाजूची बांधणी. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण रात्रशाळेने, सार्वजनिक वाचनालयाने आणि औद्योगिक न्यायालयाच्या जिन्यांनी दिले. तेव्हा येथे सांगणार आहोत ते तज्ज्ञाचे निरूपण नव्हे. एका नवशिक्याने शेजारच्या बाकावरील माणसास सांगावे, तसे ते आहे.

प्रथम पुढची बाजू आणि मागची बाजू ह्यांतला भेद. फोनच्या काचेवर बटणे, चित्रे, रंग असे जे दिसते ती पुढची बाजू. तेथे बोट टेकले की फोन स्वतः फारसे काही करीत नाही. तो एक चिठ्ठी लिहून दूर ठेवलेल्या एका संगणकाकडे धाडतो. चिठ्ठीत कोणाकडे जावयाचे, काय हवे आहे आणि सोबत काय जोडले आहे, एवढेच असते. त्या दूरच्या संगणकास ‘सर्व्हर’ म्हणतात. तो रात्रंदिवस चालू असतो, आणि त्यावरील एक प्रोग्रॅम चिठ्ठीची वाट पाहत बसलेला असतो. चिठ्ठी आली की तो ती वाचतो, मागणाऱ्याला तसा अधिकार आहे की नाही ते पाहतो, वही उघडतो, हिशेब करतो, नोंद घालतो आणि उत्तराची चिठ्ठी परत पाठवितो. हे सर्व डोळ्याचे पाते लवण्याच्या आत होते. रक्कम किती कापावयाची, काम कोणास द्यावयाचे, खाते कोणाचे बंद करावयाचे, हे निर्णय तेथे होतात. काचेवर आपल्याला दिसतो तो केवळ निकाल.

ही चिठ्ठ्यांची पद्धत फार जुनी नाही. टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज गृहस्थाने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ ह्या अणुसंशोधन संस्थेत तिची कल्पना मांडली, आणि १९९० संपता संपता पहिला सर्व्हर चालू केला. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका, अशा अर्थाची हाताने लिहिलेली चिठ्ठी त्याने त्या संगणकावर डकवून ठेवली होती. सबंध जगाची पहिली खिडकी एका माणसाच्या टेबलावर होती, आणि झाडलोट करणाऱ्याने चुकून बटण दाबले असते तर ती बंद पडली असती, हे ऐकून आम्हांस जरा धीर आला. आकाशातून पडलेली वस्तू ही नव्हे, माणसाने बसविलेली आहे.

आमचा क्लास एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीवर भरे. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सात ते नऊ. पुष्कळशी मुले वाणिज्य शाखेची किंवा डिप्लोमा झालेली, नोकरीच्या शोधातली; दोघी जणी लग्नानंतर पुन्हा कामाला लागू पाहणाऱ्या. शिकविणाऱ्या बाई आमच्या मुलीपेक्षा लहान. आम्ही त्यांना ‘मॅडम’ म्हणू, त्या पहिला आठवडाभर आम्हांस ‘सर’ म्हणाल्या आणि पुढे सर्वांप्रमाणे ‘काका’ म्हणू लागल्या. भाषा होती ‘पायथन’. ती गिडो व्हान रॉसम ह्या डच माणसाने १९९१ साली प्रसिद्ध केली. नावाचा सापाशी संबंध नाही, एका विनोदी इंग्रजी नाटकमंडळीवरून ते घेतले आहे. तिच्यावर उभारलेली ‘जॅंगो’ नावाची तयार चौकट आम्ही वापरीत होतो. ही चौकट अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत तयार झाली आणि २००५ साली सर्वांस खुली करण्यात आली. अंक वेळेवर निघालाच पाहिजे ह्या निकडीतून जन्मलेली असल्याने ती कामाला चटपटीत आहे.

नवशिक्याची पहिली अडचण गणिताची नसते, इंग्रजीचीही नसते. ती असते लाल अक्षरांची. चूक झाली की पडद्यावर वीस-पंचवीस ओळी एकदम कोसळतात, आणि मुले घाबरून यंत्र बंद करावयास धावतात. बाईंनी शिकविलेली युक्ती सोपी होती : पायथनचा हा मजकूर शेवटच्या ओळीपासून वाचावा. काय चुकले ते शेवटच्या ओळीत असते; कोठे चुकले ते तिच्या वर. न्यायालयाचे निकालपत्र आम्ही अशाच रीतीने वाचीत आलो आहो, आधी शेवटचा आदेश आणि मग कारणे. त्यामुळे ही एक गोष्ट आम्हांस तरुणांच्या आधी जमली. बाकी बहुतेक सर्व त्यांना आधी जमले.

आजची मुले पुष्कळसा कोड कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून लिहून घेतात. आमच्या वर्गातही घेत. बाईंनी त्याला बंदी केली नाही. मात्र लिहून घेतलेली प्रत्येक ओळ वर्गासमोर समजावून सांगावी लागे, आणि ज्याला सांगता येत नसे त्याचे काम पुरे झाले असे धरीत नसत. आम्हांस हा नियम रास्त वाटला. अर्ज लिहून देणारा कारकून पूर्वीही कोर्टाबाहेर बसत असे. खाली अंगठा कोणाचा आणि वर मजकूर काय, हा प्रश्न तेव्हाही होता.

चिठ्ठीच्या उत्तरासोबत सर्व्हर एक तीन आकडी क्रमांक पाठवितो. २०० म्हणजे काम झाले. ४०४ म्हणजे तुम्ही मागितलेली वस्तू येथे नाही. ४०१ म्हणजे आपण कोण ते आधी सांगा, आणि ४०३ म्हणजे आपण कोण ते कळले, पण आपणांस येथे मज्जाव आहे. ५०० म्हणजे आमचेच काही बिनसले. ह्या क्रमांकांचा पहिला आकडा पाहावा : चारने सुरू झाला तर दोष मागणाराच्या चिठ्ठीत, पाचने सुरू झाला तर दोष सर्व्हरचा. इतका प्रामाणिक संकेत आम्ही कोणत्याही कचेरीत पाहिलेला नाही. अडचण एवढीच की, पडद्यापुढचा माणूस दोन्ही वेळा तेच सांगतो, की तुमचेच काही चुकले असेल, उद्या या.

दुसरी एक गंमत अशी की, ह्या सर्व्हरला मुळात स्मरणशक्ती नसते. एक चिठ्ठी हातावेगळी केली की दुसरी आणणारा तोच माणूस की वेगळा, हे त्याला कळत नाही. त्यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली ह्यांनी तोड काढली. पहिल्या भेटीत सर्व्हर एक लहानसा बिल्ला देतो आणि पुढच्या प्रत्येक चिठ्ठीसोबत फोन तो दाखवितो. ह्या बिल्ल्यास ‘कुकी’ म्हणतात. गिरणीच्या फाटकावर पितळी बिल्ला दाखविल्याशिवाय आत सोडीत नसत. बिल्ला हरवला की माणूस तोच असूनही परका. तसेच हे. म्हणून दुसऱ्याच्या हाती आपला बिल्ला जाऊ देऊ नये, आणि सार्वजनिक संगणकावरून उठताना बाहेर पडल्याची नोंद करावी, असे जे सांगतात त्यात अर्थ आहे.

आता मुख्य वहीकडे येऊ. वर्गात प्रत्येकाने आपल्या पसंतीचे एक काम निवडावयाचे होते. मुलांनी दुकाने व ग्रंथालये घेतली, आम्ही संघटनेची वर्गणी घेतली. कागदी वहीत आमची रीत अशी की, प्रत्येक पावतीवर सभासदाचे नाव, खाते आणि फोन पुन्हा लिहावयाचे. माणूस एका खात्यातून दुसऱ्यात गेला की बारा पावत्यांवर जुने खाते राहते आणि तेराव्या पावतीवर नवे येते. खरे कोणते? एडगर कॉड ह्यांनी १९७० साली, आय.बी.एम. कंपनीत असताना, ह्यावर एक निबंध लिहिला, आणि आजच्या बहुतेक हिशेबी वह्या त्याच पायावर उभ्या आहेत. एका तक्त्यात सभासद, दुसऱ्यात पावत्या. सभासदाची माहिती एकदाच, एकाच ठिकाणी. पावतीवर फक्त त्याचा क्रमांक. नाव चालत नाही, कारण एकाच नावाआडनावाची तीन-तीन माणसे आमच्याकडे आहेत. नसलेल्या सभासदाच्या क्रमांकाने पावती फाडू गेल्यास वही ती स्वीकारीतच नाही, हे पाहून आम्हांस काही जुन्या खजिनदारांची आठवण झाली.

येथवर सर्व गोड. ज्या धड्याने आमची झोप उडविली तो पुढचा, रिकाम्या रकान्याचा.

तक्त्यातला एखादा रकाना भरलेला नसेल तर तेथे यंत्र ‘नल’ असे मानते. नल म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे मोजले आणि काही निघाले नाही; नल म्हणजे मोजलेलेच नाही, ठाऊकच नाही. आता समजा, सभासदांच्या तक्त्यात ‘पाळी’ असा रकाना आहे आणि शंभर सभासदांपैकी दहांची पाळी कोणी भरलेली नाही. यंत्राला विचारा : रात्रपाळीचे सभासद कोण? समजा तीस नावे आली. आता उलट विचारा : रात्रपाळीचे नसलेले कोण? आपण सत्तर नावांची अपेक्षा करतो. येतात साठ. दहा माणसे कोणत्याच यादीत नाहीत. आणि यंत्र लाल अक्षरे दाखवीत नाही, कुरकुर करीत नाही, पाचशेचा आकडा देत नाही. ते आपले काम चोख झाल्याचे सांगते. कारण असे की, ‘ठाऊक नाही’ ह्याची कशाशीही तुलना केली की उत्तर होय येत नाही आणि नाहीही येत नाही. ते ‘ठाऊक नाही’ असेच येते, आणि यादीत घेतात ते फक्त ‘होय’ उत्तराचे. ती दहा माणसे हवी असतील तर त्यांच्याविषयी वेगळा प्रश्न विचारावा लागतो : ज्यांचा रकाना रिकामा आहे ते कोण? तो प्रश्न विचारण्याचे ज्याच्या ध्यानात आले नाही, त्याच्या हिशेबी ती माणसे अस्तित्वातच नाहीत.

ह्याहून वाईट प्रकार दुसरा आहे. तक्ता बनविणारा, रिकामे रकाने त्रास देतात म्हणून, आरंभीच लिहून ठेवू शकतो की काही भरले नाही तर शून्य धरावे. एवढे एक पद. आता फाटकावरच्या हजेरीयंत्राची जोडणी अर्धा दिवस तुटली, त्या वेळचे ठसे पोहोचले नाहीत, तर त्या कामगारांचे तास ‘ठाऊक नाहीत’ असे न राहता ‘शून्य’ होतात, आणि शून्य तासांचा पगार शून्य. कोणी वाईट बुद्धीने ते लिहिलेले नसते. एखाद्या थंड खोलीत बसलेल्या, फाटक कधीही न पाहिलेल्या पोराने बेरीज अडू नये म्हणून ते लिहिलेले असते. पण न मोजलेल्या कामाचा भार कोणी सोसावयाचा, मालकाने की मजुराने, हा जुना तंटा त्या एका पदाने मालकाच्या बाजूने निकालात निघतो, आणि तंटा होता हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पैशाच्या बाबतीत एक सावधगिरी सर्व नवशिक्यांस आरंभीच शिकवितात. यंत्र अपूर्णांक आपल्यासारखे दशांशात ठेवीत नाही, दोनाच्या पटीत ठेवते, आणि काही साधे अपूर्णांक त्याला नेमके मांडताच येत नाहीत. पायथनला शून्य पूर्णांक एक आणि शून्य पूर्णांक दोन ह्यांची बेरीज विचारा : उत्तर शून्य पूर्णांक तीन, त्यापुढे पंधरा शून्ये आणि शेवटी एक चार असे येते. म्हणून पैसे ह्या जातीच्या अपूर्णांकांत ठेवू नयेत. पूर्ण पैशांत ठेवावे, किंवा नेमक्या दशांशासाठी जी वेगळी सोय असते ती वापरावी. तसेच, एका खात्यातून रक्कम वजा करणे आणि दुसऱ्यात जमा करणे ही दोन कामे एका गाठीने बांधतात. मध्येच वीज गेली तर दोन्ही रद्द, अर्धे काम वहीत राहत नाही. चांगल्या वहीत ह्या सोयी तयार असतात. त्या वापरणे मात्र माणसाच्या हाती.

पुढच्या बाजूवर कधी विश्वास ठेवू नये, हे मागच्या बाजूचे ब्रीद. काचेवर एखादे बटण दिसत नाही म्हणून ती चिठ्ठी कोणी पाठवू शकत नाही असे नाही. चिठ्ठी हातानेही लिहिता येते. म्हणून वस्तूची किंमत, माणसाचा अधिकार, रकमेची बेरीज हे सर्व सर्व्हरने स्वतः पुन्हा तपासावयाचे. बाईंनी एक प्रयोग करून दाखविला. आमच्या वर्गणीच्या नमुन्यात नावाच्या रकान्यात त्यांनी नावाच्या जागी वहीला द्यावयाचा हुकूमच लिहिला. अर्जावर कोणी नावापुढे ‘आणि सर्वांची वर्गणी माफ करावी’ असे लिहावे, आणि भोळ्या कारकुनाने नाव वाचता वाचता तो हुकूमही बजावून टाकावा, तसा हा प्रकार. कच्च्या रीतीने बांधलेली वही फसली. पक्क्या रीतीने बांधलेलीने त्या सबंध ओळीला नाव समजून नोंद केली. हुकूम वेगळ्या पाकिटात आणि मजकूर वेगळ्या पाकिटात पाठविणे, ही ती पक्की रीत. तसेच परवलीचा शब्द. तो वहीत जसाच्या तसा ठेवावयाचा नसतो. त्याचा असा चुरा करून ठेवतात की चुऱ्यावरून शब्द परत जुळविता येऊ नये, पण पुन्हा तोच शब्द आला तर तोच चुरा व्हावा. श्रोत्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, ‘शब्द विसरलो’ म्हटल्यावर जी कंपनी आपला जुना शब्दच पत्राने कळविते, तिने तो उघडा ठेवला आहे.

वहीइतकीच महत्त्वाची आहे वहीची वही. कोणती नोंद कोणी, केव्हा बदलली, ह्याची टिपणे मागील बाजूस ठेवता येतात, आणि जबाबदार ठिकाणी ठेवतातच. प्रोग्रॅमच्या मजकुराचीही अशी बखर असते. लिनस टॉर्व्हल्ड्स ह्यांनी २००५ साली ‘गिट’ नावाचे साधन बनविले. आज जगातील बहुतेक प्रोग्रॅम लिहिणारे ते वापरतात. त्यात कोणतीही ओळ दाखवून विचारता येते की ही शेवटची कोणी लिहिली आणि कोणत्या तारखेस. त्या आज्ञेचे इंग्रजी नावच मुळी ‘दोष द्या’ अशा अर्थाचे आहे. आम्ही बाईंना दोनदा विचारून खात्री करून घेतली. म्हणजे ‘सिस्टीमने कापले’ ह्या वाक्यातील कर्ता काल्पनिक आहे. कापणारी ओळ असते, ओळीला लेखक असतो, लेखनाला तारीख असते, आणि त्या लेखकाला तसे लिहावयास सांगणारा कोणी असतो.

हे न विचारल्याने काय होते, त्याचे उदाहरण इंग्लंडच्या टपाल खात्याचे आहे. तेथे १९९९पासून गावोगावच्या टपाल शाखांत ‘होरायझन’ नावाची हिशेबप्रणाली बसविण्यात आली. ती फुजित्सू कंपनीने चालविली होती. शाखा चालविणाऱ्या लहान माणसांच्या हिशेबात तुटी दिसू लागल्या. करारानुसार तूट त्यांनी भरावयाची. कोणी घर गहाण टाकले, कोणी तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. १९९९ ते २०१५ ह्या काळात नऊशेंहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. त्यांतील अनेकांना मदतकेंद्राकडून सांगण्यात येई, की अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच. हे वाक्य आमच्या चांगल्या परिचयाचे आहे. ॲलन बेट्स ह्या शाखाचालकाने त्या एकट्या एकट्यांस गाठून गोळा केले. ५५५ जणांनी मिळून दावा लावला. डिसेंबर १९९९ नव्हे, डिसेंबर २०१९ उजाडावा लागला, तेव्हा उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की प्रणालीत खरोखरच दोष होते, आणि शाखाचालकाच्या नकळत त्याच्या शाखेच्या हिशेबात दुरून फेरफार करता येत होते. २०२४ साली पार्लमेंटने कायदा करून शिक्षा रद्द केल्या. वीस वर्षे न्यायालये, वकील, वरिष्ठ अधिकारी ह्या सर्वांनी यंत्र चुकत नाही असे गृहीत धरले होते. त्यांच्यापैकी कोणाला तरी संध्याकाळच्या क्लासातले दोन महिने घडले असते तर, असे मनात येते.

कायद्याची पावले आता ह्या दिशेने पडू लागली आहेत. स्पेनने २०२१ साली असा कायदा केला, की कामाच्या अटींवर परिणाम करणारी गणिते कोणत्या नियमांवर चालतात ते कंपनीने कामगारांच्या प्रतिनिधींस कळविलेच पाहिजे. आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ह्या कायद्याने ॲपवरच्या कामगाराची व्याख्या केली. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली त्याच्यासाठी स्वतंत्र कायदे केले. कर्नाटकाच्या कायद्यात खाते बंद करण्यापूर्वी कारण व सूचना देण्याचे बंधन आहे. पण नियम कळविला तरी तो वाचणारा पाहिजे. सहा महिन्यांच्या क्लासाने कोणी प्रोग्रॅमर होत नाही. आम्हीही झालो नाही. मात्र प्रश्न नेमका विचारता येऊ लागतो, आणि वाटाघाटीच्या टेबलावर तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

एक प्रत्यक्षातले सांगतो. आमच्या संघटनेचे सभासद असलेल्या एका कारखान्यात रात्रपाळीच्या माणसांची तक्रार होती, की आठवड्याची पहिली रात्र नेहमी अर्धी धरली जाते. व्यवस्थापनाचे उत्तर ठरलेले : सिस्टीम कापते. क्लासाच्या आधीही आम्ही हे ऐकलेच होते आणि मोर्चाही नेला होता. ह्या खेपेस आम्ही कागद घेऊन बसलो. माणूस सोमवारी रात्री अकराला आत जातो, मंगळवारी सकाळी सातला बाहेर पडतो, पुन्हा मंगळवारी रात्री अकराला आत. हजेरी जर तारखेप्रमाणे, त्या दिवसाचा पहिला ठसा आणि शेवटचा ठसा अशी मोजली जात असेल, तर मंगळवारी दोन ठसे सापडतात, एक सुटण्याचा आणि एक येण्याचा, आणि दिवस भरल्यासारखा दिसतो. सोमवारी मात्र एकच ठसा. एक ठसा म्हणजे अपुरी हजेरी, म्हणजे अर्धा दिवस. आणि आठवड्याअखेर सुटीच्या दिवशी सकाळचा जो एकटा ठसा उरतो, त्याला तर काही किंमतच नाही.

आम्ही तीन प्रश्न लेखी दिले. हजेरी तारखेने मोजता की पाळीने? एकच ठसा असल्यास कोणता नियम लागतो? आणि तो नियम प्रोग्रॅममध्ये कोणत्या तारखेस लिहिला गेला? पहिल्या दोहोंची उत्तरे पाचव्या आठवड्यात आली, आमचा तर्क मान्य झाला, आणि पुढील महिन्यापासून हजेरी पाळीने मोजू लागले. तिसऱ्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. कापलेल्या पैशांची थकबाकी किती महिन्यांची, हे त्या तारखेवरच ठरावयाचे आहे. प्रकरण समेट अधिकाऱ्यांपुढे आहे, आणि पुढील बैठकीत आम्ही प्रोग्रॅमच्या बदलांची बखर मागणार आहोत.